एकशे अठ्ठेचाळीस चेंडू

जितेश शर्मा २०२५च्या आयपीएलमध्ये एकूण १४८ चेंडू खेळला. षटकांत मोजायचं तर चोवीस षटकं आणि वर चार चेंडू. २२ मार्चला कोलकात्यात सुरू झालेला आणि ३ जूनच्या रात्री अहमदाबादेत संपलेला तो हंगाम होता. त्यात तो रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूकडून पंधरा सामन्यांत उतरला. चार सामन्यांत त्याच्यावर फलंदाजीची वेळच आली नाही. उरलेल्या अकरा डावांत मिळून १४८ चेंडू. त्याच संघाकडून त्याच हंगामात विराट कोहली ४५४ चेंडू खेळला.

त्या वर्षी मी एक वेगळी वही घातली होती. अमरावतीचं पोट्टं लिलावात एवढ्या मोठ्या किमतीला विकलं गेलं म्हणून हंगामभर त्याचा हिशेब ठेवायचा, असं आदल्या नोव्हेंबरातच ठरवलं होतं. पहिल्या काही सामन्यांनंतर लक्षात आलं, की धावांचा रकाना मोठा आणि चेंडूंचा छोटा आखून मी चूक केली आहे. मग रकाने उलटे केले. आधी चेंडू लिहायचे, मग धावा. ती वही आता समोर आहे. ६ चेंडू, १२ धावा. २१ चेंडू, ३३. १९ चेंडू, नाबाद ४०. ११ चेंडू, ३. पुढे ७ चेंडूंत २, ८ चेंडूंत नाबाद ११, १० चेंडूंत नाबाद २०, ८ चेंडूंत ७, १५ चेंडूंत २४. मग ३३ चेंडू, नाबाद ८५. आणि शेवटी १० चेंडू, २४. बेरीज २६१, स्ट्राइक रेट १७६.

हंगामातल्या सर्वाधिक धावांच्या यादीत २६१ धावांचा माणूस शोधायला बरंच खाली यावं लागतं. ही यादी ज्यांना भरपूर चेंडू मिळतात त्यांच्यासाठी आहे. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याला ती काही सांगत नाही आणि त्याच्याबद्दलही काही सांगत नाही. सलामीचा फलंदाज खेळपट्टी जोखतो, पहिली दोन षटकं सोडून देतो, चुकतमाकत लय पकडतो. फिनिशरला जोखायला वेळ नसतो. त्याच्यापर्यंत सामना आला तर येतो, तोही कशा अवस्थेत येईल हे त्याच्या हाती नसतं. कधी दोनशेच्या पुढं न्यायचं असतं, कधी पाच गडी पडलेले असतात आणि चेंडू थांबून येत असतो. आणि कधी वरच्या तिघांनीच काम आटोपलेलं असतं.

वऱ्हाडात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथली बहुतेक शेती कोरडवाहू. पाऊस एकूण किती मिलिमीटर झाला हे सरकारी तक्त्यात येतं. शेतकरी मात्र कपाशीला बोंडं धरताना पाऊस आला का आणि सोयाबीन कापणीला आलं तेव्हा तो थांबला का, हे विचारतो. सरासरी गाठूनही वर्ष बुडतं, आणि सरासरीच्या खाली राहूनही साधतं. जितेशच्या हंगामाकडे मी त्या नजरेनं पाहतो आहे.

अमरावतीचं खेळातलं नाव क्रिकेटनं झालेलं नाही. ते झालं आखाड्यानं. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथं हनुमान व्यायाम नगरीची पायाभरणी केली, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथलं पथक जर्मनीला गेलं आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं तिथं करून आलं. त्यात कबड्डीही होती. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, कबड्डी, खो-खो यांना घरात मान आणि क्रिकेट गल्लीत, अशी या गावाची रीत बरीच वर्षं होती. क्रिकेटमध्ये पुढं जायचं असेल तर नागपूर गाठायचं. विदर्भ क्रिकेट संघटना नागपुरात, निवड चाचण्या नागपुरात, २००८ साली उभं राहिलेलं जामठ्याचं स्टेडियम नागपुरात. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर. बडनेऱ्याला रात्रीची गाडी पकडून, किट बॅगेवर डोकं ठेवून गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक दोन-तीन वर्षांनी जाणं थांबवतात. त्यांचं नाव कुठं लागत नाही.

२२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावतीत जन्मलेला जितेशही क्रिकेटपटू व्हायला निघालेला नव्हता. त्याला सैन्यदलात जायचं होतं. राज्य पातळीवर खेळलं की परीक्षेत जादा गुण मिळतात, ते पुढं भरतीला उपयोगी पडतील, म्हणून तो मैदानावर गेला, असं त्यानं स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी खेळाडूंचं दार याच गुणांनी उघडलं असेल. घरच्यांना पटेल असं तेवढंच एक कारण असतं.

२०१४च्या सुरुवातीला तो विदर्भाकडून एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी खेळला, २०१५च्या ऑक्टोबरात रणजी. २०१५-१६च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं ३४३ धावा केल्या आणि मुंबई इंडियन्सनं त्याला दहा लाखांत घेतलं. दोन हंगाम तो त्या संघासोबत होता. एकही सामना खेळला नाही. मग पुन्हा विदर्भ. आणि विदर्भात तेव्हा इतिहास घडत होता. १९५७-५८पासून रणजी खेळणाऱ्या या संघानं साठ वर्षांनी, २०१७-१८मध्ये, पहिल्यांदा करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी परत जिंकला. पण इंदूरच्या त्या पहिल्या अंतिम सामन्यात यष्टीमागे अक्षय वाडकर होता आणि त्यानं १३३ धावा काढल्या. पहिल्याच हंगामात अशी खेळी करणाऱ्या यष्टिरक्षकाला कोण हलवणार? पुढं तोच विदर्भाचा कर्णधार झाला. जितेशच्या वाट्याला पांढरा चेंडू राहिला. दहा वर्षांत त्याचे प्रथम श्रेणीचे सामने वीसच्या आतच राहिले.

ही गोष्ट मला त्याच्या खेळाच्या मुळाशी दिसते. ज्याला चार-पाच दिवसांचं क्रिकेट मिळत नाही त्याला डाव बांधण्याचा सराव मिळत नाही, पण थोड्यात काय होऊ शकतं याचा विचार करायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. २०२१-२२च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं सात सामन्यांत २१४ धावा केल्या, त्या २३५च्या स्ट्राइक रेटनं. अठरा षटकार. तोपर्यंत तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. पंजाब किंग्जनं त्याला वीस लाखांत, म्हणजे पायाभूत किमतीला, घेतलं. ३ एप्रिल २०२२ला ब्रेबॉर्नवर चेन्नईविरुद्ध तो पहिला आयपीएल सामना खेळला आणि १७ चेंडूंत २६ धावा करून आला. त्या वर्षी २३४ धावा, पुढच्या वर्षी ३०९. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, नेपाळविरुद्ध, तो भारताकडून खेळला. सुवर्णपदक घेऊन परतला.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. रायपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १९ चेंडूंत ३५, बंगळुरूला २४, मोहालीला अफगाणिस्तानविरुद्ध ३१ आणि इंदूरला शून्य. नऊ सामन्यांच्या सात डावांत बरोबर शंभर धावा झाल्या आणि जानेवारी २०२४मध्ये भारतीय संघाचं दार बंद झालं. त्याच उन्हाळ्यात पंजाबकडून १८७ धावा, स्ट्राइक रेट १३१. फिनिशर १३१च्या गतीनं खेळला तर तो काही संपवत नाही. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा संघ निवडला गेला, त्यात तो नव्हता. अमरावतीत तेव्हा त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

मग २४ नोव्हेंबर २०२४. जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूनं सात कोटींपर्यंत बोली नेली. पंजाबनं राइट टू मॅचचा, म्हणजे आपला जुना खेळाडू त्याच किमतीला परत घेण्याचा, हक्क वापरला. बंगळुरूनं एकदम अकरा कोटी सांगितले. पंजाबनं हात मागे घेतला. बंगळुरूला जागा भरायची होती ती दिनेश कार्तिकची. कार्तिक २०२४च्या हंगामानंतर निवृत्त झाला होता आणि त्याच संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला होता. म्हणजे ज्याच्या जागेवर उभं राहायचं तोच रोज नेटमागे उभा. मला हा जितेशच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा लाभ वाटतो, अकरा कोटींपेक्षाही. कार्तिकनंही कारकिर्दीचा मोठा काळ दुसऱ्याच्या सावलीत काढला होता आणि शेवटच्या पाच षटकांचं गणित पस्तिशीनंतर नव्यानं मांडलं होतं. थांबणं म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागणार नव्हतं.

हंगामाची सुरुवात बरी झाली. चेपॉकवर ६ चेंडूंत १२. बंगळुरूत गुजरातविरुद्ध वरची फळी कोसळल्यावर २१ चेंडूंत ३३. ७ एप्रिलला वानखेडेवर पहिल्यांदा काम पूर्ण झालं. कोहलीनं ६७ आणि कर्णधार रजत पाटीदारनं ६४ करून पाया घातला होता. जितेशनं १९ चेंडूंत नाबाद ४० काढून धावसंख्या २२१वर नेली. मुंबई २०९वर थांबली. बंगळुरूचा संघ वानखेडेवर दहा वर्षांनी जिंकला, तो बारा धावांनी. या बारा धावा कुठून आल्या हे शोधायला शेवटची तीन षटकं परत पाहावी लागतात.

पुढं घसरण आली. दिल्लीविरुद्ध ११ चेंडूंत ३. पावसानं चौदा षटकांवर आणलेल्या पंजाबच्या सामन्यात ७ चेंडूंत २. मे महिन्यात चेन्नईविरुद्ध ८ चेंडूंत ७. या तीन डावांचे मिळून २६ चेंडू आणि १२ धावा. तिन्ही सामने बंगळुरूच्या स्वतःच्या मैदानावरचे. संघ घरचे पहिले तिन्ही सामने हरला होता. वहीत या ओळींसमोर मी काहीही शेरा लिहिलेला नाही. त्या रात्री टीव्ही बंद करून लवकर झोपलो होतो, एवढं आठवतं.

पण फलंदाजी नव्हती तेव्हाही तो कामावर होताच. यष्टिरक्षक हा डावातल्या एकशेवीसही चेंडूंना खाली बसतो आणि उठतो. पंधरा सामन्यांत ही उठबस दीड हजारांहून जास्त वेळा झाली. तिचा रकाना कुणाच्याच वहीत नसतो. २४ एप्रिलला राजस्थानविरुद्ध तिची किंमत दिसली. बंगळुरूनं २०५ केल्या होत्या, त्यात जितेशच्या १० चेंडूंत नाबाद २०. राजस्थानला शेवटच्या बारा चेंडूंत अठरा हव्या होत्या आणि ध्रुव जुरेल ४७वर खेळत होता. जॉश हेझलवूडच्या एकोणिसाव्या षटकात चेंडू जुरेलच्या बॅटजवळून जितेशच्या हातात गेला. पंचांनी नाबाद दिलं. जितेशनं दाद मागायचा आग्रह धरला. अल्ट्राएजवर खूण उमटली. त्या षटकात एक धाव निघाली आणि दोन बळी गेले. सामना अकरा धावांनी जिंकला, आणि हा घरच्या मैदानावरचा त्या हंगामातला पहिला विजय. बारीक टिक कानानं टिपणं आणि कर्णधाराला पंधरा सेकंदांत पटवणं या दोन्ही गोष्टी लागल्या. दुसरी जास्त कठीण.

सीमेवरच्या संघर्षामुळं ९ मे रोजी स्पर्धा थांबली, १७ला पुन्हा सुरू झाली. अमरावतीसाठी तो उन्हाळा एरवीही वेगळा होता. १६ एप्रिलला बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. १४ मे रोजी अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. राजकमल चौकात अभिनंदनाचे फलक वरचेवर बदलत होते. त्यांत जितेशचा फलक अजून लागायचा होता.

रजत पाटीदारच्या बोटाला दुखापत झाली होती. तो इम्पॅक्ट प्लेअर म्हणून फक्त फलंदाजीला येणार आणि मैदानावर नेतृत्व जितेशनं करायचं, असं ठरलं. २३ मेला लखनौत हैदराबादनं २३१ केल्या आणि बंगळुरूचा डाव १८९वर संपला. जितेशच्या १५ चेंडूंत २४. कर्णधार म्हणून पहिलाच सामना, बेचाळीस धावांनी पराभव. साखळीतला शेवटचा सामना चार दिवसांनी, त्याच मैदानावर, लखनौ सुपर जायंट्सविरुद्ध.

२७ मे, मंगळवार. नवतपा लागून दोन दिवस झाले होते. मी अमरावतीत होतो. ऋषभ पंतनं ६१ चेंडूंत नाबाद ११८ केल्या आणि लखनौ २२७वर गेलं. बंगळुरूनं आयपीएलमध्ये एवढा पाठलाग कधीच जिंकला नव्हता. जिंकलं तर गुणतक्त्यात पहिल्या दोनांत जागा, म्हणजे अंतिम फेरीत जायला दोन संधी. हरलं तर एकच. फिल सॉल्टनं ३० केल्या, कोहलीनं ३० चेंडूंत ५४. मधे विल ओरूर्कनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर पाटीदार आणि लिव्हिंगस्टन यांना परत पाठवलं. कोहली बाद झाला तेव्हा अकरा षटकं आणि दोन चेंडू झाले होते. ४ बाद १२३. हव्या होत्या १०५, चेंडू ५२.

जितेश आला. समोर मयंक अगरवाल, जो त्या हंगामात अगदी उशिरा, देवदत्त पडिक्कल जखमी झाल्यावर संघात आला होता. त्या दोघांनी ज्या समजुतीनं काम वाटून घेतलं ते मला परत परत पाहावंसं वाटतं. मयंकनं जमिनीवरून चौकार काढले आणि जितेशनं क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून. जितेश क्रीझमध्ये खोल उभा राहतो, त्यामुळं यॉर्करचा हाफ व्हॉली होतो. गोलंदाज मग बाहेर टाकायला जातो, तर हा यष्ट्या उघड्या टाकून पलीकडे सरकतो आणि त्याच चेंडूला मागच्या बाजूला भिरकावतो. लखनौच्या गोलंदाजांना चुकायला जागाच उरली नाही.

सतरावं षटक दिग्वेश राठीचं. जितेश ४९वर होता. त्यानं रिव्हर्स स्वीप मारला आणि पॉइंटला बदोनीनं झेल घेतला. आमच्याकडे टीव्हीसमोर कुणीतरी उठून कूलरचं बटण बंद केलं, जसं काही सगळं संपलं होतं. जितेश परत निघाला होता. मग पडद्यावर राठीचा मागचा पाय दिसला. गोलंदाजाचा मागचा पाय रिटर्न क्रीझच्या आत पडावा लागतो, तिला स्पर्शही चालत नाही. राठीच्या पायानं ती रेघ शिवली होती. नो-बॉल. फ्री हिटवर जितेशनं षटकार मारला. ५५. बावीस चेंडूंत अर्धशतक.

त्याच षटकात राठी चेंडू टाकता टाकता थांबला आणि त्यानं नॉन-स्ट्रायकरच्या बाजूच्या बेल्स उडवल्या. जितेश क्रीझबाहेर होता. पंचांनी राठीला अपील आहे का विचारलं आणि निर्णय वर पाठवला. तिसरे पंच होते उल्हास गंधे, नागपूरचे, स्वतः विदर्भाकडून खेळलेले. राठीची चेंडू टाकण्याची क्रिया पूर्ण झाली होती म्हणून नाबाद, असा त्यांनी निर्णय दिला. पंतनं अपीलही मागं घेतलं. जितेशनं जाऊन त्याला मिठी मारली. ज्यानं शतक केलंय, ज्याचा सामना निसटतोय, त्या कर्णधारानं ते केलं. पंतच्या त्या संध्याकाळबद्दल लिहायचं झालं तर शतकाआधी मी हे लिहीन.

एकोणिसाव्या षटकातल्या चौथ्या चेंडूवर जितेशनं षटकार मारून सामना संपवला. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चौकार, सहा षटकार. मयंक २३ चेंडूंत नाबाद ४१. जोडीनं साधारण ४४ चेंडूंत १०७ धावा जोडल्या. पाठलाग यशस्वी करताना सहाव्या किंवा त्याखालच्या क्रमांकावर येऊन कुणी एवढ्या धावा आयपीएलमध्ये तोवर केल्या नव्हत्या. यापूर्वी तिथं महेंद्रसिंह धोनीचं नाव होतं.

हंगाम संपल्यावर वहीत मी आणखी एक बेरीज केली. लखनौला पोहोचेपर्यंतच्या आठ डावांत त्यानं ९० चेंडूंत १२८ केल्या होत्या, स्ट्राइक रेट १४२. तेवढ्यावर हंगाम संपला असता तर अकरा कोटी वाया गेले असंच लिहिलं गेलं असतं, आणि ते चूक म्हणता आलं नसतं. नेतृत्व हाती आल्यानंतरच्या तीन डावांत ५८ चेंडूंत १३३, स्ट्राइक रेट २२९. जबाबदारी वाढल्यावर मोकळा होणारा खेळाडू विरळा. त्याला आधीच कुणी विदर्भाचा कारभार सोपवला असता तर, असं वाटून गेलं.

क्वालिफायरमध्ये पंजाब १०१वर आटोपलं आणि जितेशला पॅड बांधावे लागले नाहीत. ३ जूनला अहमदाबादेत परत तोच पंजाब, ज्यानं त्याला तीन वर्षं सांभाळलं होतं आणि जेद्दाहला सोडलं होतं. अंतिम सामन्यात बंगळुरूचा डाव अडखळत होता. कोहलीनं ४३ करायला ३५ चेंडू घेतले होते. काइल जेमिसनच्या सतराव्या षटकात जितेश आणि लिव्हिंगस्टन यांनी २३ काढल्या. पुढच्या षटकात विजयकुमार वैशाखनं जितेशचा त्रिफळा उडवला. १० चेंडू, २४ धावा. बंगळुरू १९०. शशांक सिंगनं शेवटपर्यंत झुंज देऊनही पंजाब १८४वर राहिलं. सहा धावांनी, अठराव्या हंगामात, बंगळुरूचं पहिलं विजेतेपद.

त्या सहा धावा नेमक्या कुणाच्या, हा हिशेब होत नाही. कृणाल पंड्याच्या चार षटकांत सतराच धावा गेल्या, सामनावीर तोच ठरला आणि ते योग्यच. पण जितेशनं त्या १० चेंडूंत १५च धावा केल्या असत्या, तर करंडक कदाचित पंजाबकडे गेला असता. दुसऱ्या दिवशी बंगळुरूत विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसं गेली. त्यांतले बरेच तरुण होते, सामना पाहायला वेळ काढणारे, आपल्यासारखेच. त्यांना वगळून या हंगामाची गोष्ट मला पुरी करता येत नाही.

ऑगस्टमध्ये आशिया चषकाच्या भारतीय संघात जितेशचं नाव आलं. दुबईत यष्टीमागे संजू सॅमसन उभा राहिला आणि हा पुन्हा बाकावर बसला. त्याला ती जागा ओळखीची आहे. आणि नव्या देशांतर्गत हंगामासाठी तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. माझं मन या बातमीवर अजून स्थिरावलेलं नाही. ज्या संघाची रणजीतली यष्टीमागची जागा भरलेली आहे तिथं थांबून बत्तिसाव्या वर्षी काय मिळणार, हे समजतं. आयपीएल जिंकलेला अमरावतीचा खेळाडू विदर्भाच्या यादीत नाही, हेही डोळ्यांना खुपतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

हा लेख पुरा करण्याआधी अकोल्याला जाऊन आलो.   क्रिकेटच्या बाबतीत अकोला अमरावतीच्या पुढं आहे, हे अमरावतीच्या माणसानं मान्य करायला हवं. अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानानं एका पिढीत तीन खेळाडू दिले. आदित्य ठाकरे हा वेगवान गोलंदाज एकोणीस वर्षांचा असताना थेट २०१७च्या रणजी अंतिम सामन्यात पदार्पणाला उतरला आणि नव्या चेंडूवर दिल्लीचा सलामीवीर काढला. महिनाभरात त्याला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला बोलावून घेतलं गेलं. दर्शन नळकांडे दुसरा. २०२१च्या मुश्ताक अली उपांत्य सामन्यात त्यानं कर्नाटकविरुद्ध लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले. त्या सामन्यात विदर्भाच्या संघात जितेशही होता. विदर्भ चार धावांनी हरला. चार चेंडूंत चार बळी घेऊनही हरणं, तेही चार धावांनी. ती आकडेवारी मी तेव्हा दोनदा तपासून पाहिली होती.

आणि तिसरा अथर्व तायडे. डावखुरा सलामीवीर, जन्म २६ एप्रिल २०००, अकोला. कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा. मग श्रीलंकेत भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून लागोपाठच्या कसोटींत ११३ आणि १७७. त्याची बॅट थांबून, पाहून, चेंडू खेळून मोठी झाली. २०२३मध्ये तो आणि जितेश दोघंही पंजाब किंग्जमध्ये होते. अकोला आणि अमरावती एकाच आयपीएल संघाकडून मैदानात, हे त्याआधी आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.

१७ मे २०२३, धरमशाला. दिल्लीनं २१३ केल्या होत्या. तायडे ४२ चेंडूंत ५५वर खेळत होता. पाच षटकं उरली होती. गती कमी पडतेय असं ठरलं आणि त्याला परत बोलावण्यात आलं, रिटायर्ड आउट. बाद न होता तो पायऱ्यांकडे चालत निघाला. त्याच्या जागी जितेशला पाठवलं. अकोल्याचे चेंडू काढून ते अमरावतीला दिले गेले. जितेश तीन चेंडू खेळला आणि शून्यावर बाद झाला. तेव्हा पंजाबमध्ये असलेला लिव्हिंगस्टन ९४पर्यंत एकटा मारत राहिला. पंजाब पंधरा धावांनी हरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबर २०२५ला, जामठ्यावर इराणी करंडक सुरू झाला. रणजी विजेता विदर्भ विरुद्ध शेष भारत. तायडे सलामीला आला. त्या दिवशी त्याला कुणी परत बोलावलं नाही. त्यानं १४३ धावा केल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीर तोच. मी जुनी वही उघडून खाली एक ओळ वाढवली. चेंडू आधी, धावा नंतर, याच क्रमानं. अथर्व तायडे, एक डाव, २८३ चेंडू.